अव्वांच्या नावाची बॅटरी

आमच्या बस्तीत नाव नसलेली वस्तू सापडायची नाही. बस्ती म्हणजे आमचं जिनमंदिर. घंटेवर नाव, पाटावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. सभामंडपातल्या पंख्याच्या तीन पात्यांवर तीन भावांची नावं आहेत. बांधावरून तिघांचा अबोला आहे, पण बटण दाबलं की तिघं एक होतात. दिलेल्याचं नाव वाचून दुसऱ्यालाही द्यायची बुद्धी व्हावी, एवढाच त्यातला हेतू. आणि तो सफळ होतो, हे आमच्याकडची भांडीकुंडी बघून कुणीही मान्य करील.

हे देणं ठरतं सवालात. पर्वाच्या दिवसांत मंडळी मंडपात जमली की पहिला अभिषेक कुणाचा, आरती कुणाची, यावर बोली लागते. एकानं म्हटलं की दुसरा चढवतो, दुसऱ्यानं चढवलं की तिसऱ्याला घरची माणसं मागून कोपरानं ढोसतात. चढाओढ असते खरी, पण देण्याची असते. घेण्याची बघायची असेल तर बाजार आहेच.

अठ्ठ्याण्णव सालच्या अनंत चतुर्दशीला सवालात निघाली ती बॅटरी. कीर्तन मंडळाच्या जीपची.

मंडळ म्हणजे चंदनाक्का उपाध्ये, त्यांचे यजमान जयपाल, आणि पेटीवर बसणारी त्यांची जाऊ दीपा. जयपाल दिवसा जीप चालवणार आणि संध्याकाळी तबला. आणि चंदनाक्का! त्यांनी पदर खोचला आणि झांजेचा पहिला ठोका पडला की कडेवरचं रडकं पोरसुद्धा गप्प व्हायचं. पूर्वरंगात तत्त्व सांगायच्या ते असं, की भाजी निवडता निवडता कळावं. उत्तररंगात कथा लागली की राजा, राणी, मंत्री, माहूत सगळे कोल्हापुरीच बोलायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, हस्तिनापूर म्हणजे कागलच्या पुढं जरा डावीकडं असणार.

जीपची बॅटरी मात्र पार थकली होती. त्यात खेड्यातली वीज गेली की लाऊडस्पीकरही तिच्यावरच चालायचा. म्हणजे निम्मी बॅटरी कथेत संपायची आणि उरलेली किल्ली फिरवताना. मग आरती झाली, की प्रसाद हातात पडायच्या आधी माणसं बाह्या सरसावून जीपमागं उभी. कीर्तन ऐकायचं आणि जीप ढकलायची, हा शिरस्ताच पडला होता.

"जीपला बॅटरी माझ्याकडनं," एक दुकानदार उठून म्हणाला.

"त्येच्यापेक्षा थोरली मी देतो!"

"ट्रॅक्टरची देतो! बोला!"

तेव्हा मागून बाबगोंडा पाटील उठले. दोन ट्रकांचे मालक, अंगानं दांडगे, आवाज हॉर्नसारखा. त्यांची आई रत्नव्वा आषाढात वारली होती. चंदनाक्कांच्या कीर्तनात रत्नव्वांची जागा ठरलेली असायची: अगदी पुढं, लाऊडस्पीकरला खेटून, पाटावर. कान गेले होते आणि गुडघेही. मधूनच म्हणायच्या, "चंदी, मोठ्यानं म्हण गं." भर कीर्तनात. आणि चंदनाक्का ती ओळ पुन्हा मोठ्यानं म्हणायच्या.

"ट्रकाची!" बाबगोंडा गरजले. "नवी कोरी! माझ्या अव्वाच्या नावानं!"

मंडप दणाणला. यावर कोण चढवणार? ट्रकापेक्षा मोठं आमच्यात कुणाकडं काही नव्हतंच. बोलीबोलीत बॅटरी वाढत गेली. जीप तेवढीच राहिली, हे त्या घटकेला कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते उद्यमनगरात, धम्मपाल कांबळ्याच्या दुकानापुढं. धम्मपाल गाड्यांची वायरिंगची आणि बॅटरीची कामं करायचा. हात जितका चालायचा, त्याच्या दुप्पट तोंड. ट्रकाची बॅटरी दोघांनी उचलून आणली होती. तिच्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटनं ठळक लिहिलेलं: कै. रत्नव्वा तातगोंडा पाटील यांचे स्मरणार्थ. खाली छोटं स्वस्तिक.

"बसव की धम्मा दाबून," जयपाल म्हणाला.

"दाबून बसवायला ही काय एस्टीतली सीट हाय व्हय?" धम्मपालनं बॅटरी ट्रेवर कशीबशी टेकवली होती. एक बाजू वितभर बाहेर लोंबत होती. "पर काळजी सोड. कोल्हापुरात न बसणारी वस्तू म्हणून अजून जन्माला यायचीय. ट्रे कापतो. खालनं दोन पट्ट्या वेल्डिंग मारतो. वरनं रबरी ट्यूबनं आवळतो, संपलं. हिचं प्लस उलट्या बाजूला हाय, वायरी पोचत न्हाईत, त्या बी वाढवून देतो."

"आणि बॉनेट?"

मागून आवाज आला. चंदनाक्का उभ्या होत्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

"बॉनेटला काय हुतंय वहिनी? जरा जोर लावून मिटायचं."

येत्या रविवारी गारगोटीच्या बाजूच्या एका गावी कीर्तन होतं. तिथल्या मूठभर घरांनी हौसेनं छोटी बस्ती बांधली होती आणि क्षमावलीच्या, म्हणजे एकमेकांची क्षमा मागायच्या दिवशी पहिलं कीर्तन चंदनाक्कांचं व्हावं, असा आग्रह धरला होता. रस्ता चढ-उताराचा, पावसाचे दिवस. वाटेत जीप रुसली तर ढकलायला तिथं कोण?

चंदनाक्कांनी डबा उघडला. आत मळलेली कणीक. दोन गोळे घेतले आणि बॅटरीच्या दोन टोकांवर एकेक ठेवला.

"ह्ये काय, दिवं लावताय व्हय?" धम्मपाल हसला.

"बॉनेट मीट. हळू. आणि परत उघड."

धम्मपालनं मिटलं, उघडलं. गोळ्यांचे पापड झाले होते. शिशाची दोन्ही टोकं कणकेतून वर आली होती आणि बॉनेटच्या आतल्या पत्र्याला पिठाच्या मधोमध दोन काळपट ठिपके उमटले होते.

"दोन्ही टोकं पत्र्याला टेकत्यात," चंदनाक्का म्हणाल्या. "वायरी जोडून असं बॉनेट मिटलं, की तिथंच जाळ. कीर्तन राहिलं बाजूला, आपलीच आरती."

"मी ह्येच बघणार हुतो," धम्मपाल म्हणाला.

"कणकेनं?" जयपालनं विचारलं.

"कणकेनं न्हाई, डोळ्यानं. डोळा हाय मला."

एवढ्यात रस्त्यावरून तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला आणि तिघांचे चेहरे पडले. बाबगोंडा आले. अंगात धुतलेला सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. आईचं नाव जीपमध्ये बसलेलं बघायला आले होते.

"बसली न्हवं?"

जयपालनं तबल्याला हात लावावा तसे जीपवर उगाच दोन बोल वाजवले. धम्मपालला एकदम पाना सापडेनासा झाला.

"न्हाई बसत, अण्णा," चंदनाक्का म्हणाल्या.

"कोण न्हाई बसत? माझी अव्वा?"

"बॅटरी, अण्णा."

"तिच्यावर नाव कुणाचं हाय मग?"

चंदनाक्कांनी त्यांना जवळ बोलावून सगळं दाखवलं. लोंबणारी बाजू, न पोचणारी वायर, कणकेचे पापड. बाबगोंडांनी प्रत्येक गोष्ट नीट बघितली, कारण ट्रकवाला माणूस, यंत्र कळत होतं. पण आई गेल्याचं दुःख त्या कळण्यावर मात करून बोलत होतं.

"बॉनेट काढून टाका."

"आणि पाऊस आला की?"

"ताडपत्री देतो की! ताडपत्रीवर आमच्या बाबाचं नाव घालतो. दोघं एका जागी ऱ्हातील."

धम्मपालनं तोंड फिरवून हसू गिळलं. बाबगोंडांनी ते बघितलं, आणि त्यांचा हॉर्न एकदम बंद झाला. खालच्या आवाजात म्हणाले, "अक्का, सवालात बोललोय. सगळ्या बस्तीनं ऐकलंय. आता हिला नेऊन परत माझ्या ट्रकात टाकू व्हय? ट्रकाच्या बंद केबिनीत तिला डिझेलचा वास सोसत नव्हता. कधी बसली न्हाई. तुमच्या उघड्या जीपमधनं मात्र हौसेनं यायची." पेढ्यांचा पुडा त्यांनी बॅटरीवर ठेवला आणि निघून गेले. जाताना हॉर्न वाजला नाही.

"मी म्हंतो बसवूनच टाकूया," जयपाल हळूच म्हणाला. "माणूस दुखावला गं."

"खोटं बसवून माणूस सुखावत न्हाई," चंदनाक्का म्हणाल्या. "जीपला जीपची बॅटरी घालायची. आणि अण्णांचं दान परत जाणार न्हाई. दोन्ही हुतंय. मी बोलतो त्यांच्याशी, पर हितं न्हाई."

"मग कुठं?"

"जिथं मला बोलता येतंय तिथं."

आधी त्यांनी जीपचं काम हातात घेतलं. जुनी बॅटरी वर्तमानपत्रावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवली. उंचीला उदबत्तीची काडी उभी धरून मोडली. प्लस ज्या बाजूला होतं, तिथं कागदावर कपाळाच्या गंधाचं बोट टेकवलं. मग तो कागद घेऊन धम्मपालच्या फळीपुढं उभ्या राहिल्या, जणू लग्नाला मुलगा बघायला आल्या होत्या.

"ही घ्या," धम्मपालनं एक छोटी काढली. "हलकी हाय, देखणी हाय."

कागदावर ठेवली तर चारी बाजूंनी रेघ उघडी. "ही सैल बसंल. खड्ड्याखड्ड्याला नाचंल. आणि ही कशाची?"

"पेट्रोल गाडीची."

"आपली डिझेल. तिच्या इंजिनाला उठवायला जोर लागतोय. जयपालराव सकाळी उठत्यात तसं."

"व्हय," धम्मपालनं कबूल केलं. "थंडीच्या दिवसांत नुसती घुर्र करून गप बसंल."

"जयपालराव बी तसंच करत्यात."

"माझं काय काढताय मधीच?" जयपाल म्हणाला.

दुसरी रेघेबाहेर गेली. तिसरी बॅटरी कागदावर ठेवली आणि पेन्सिलीची रेघ झाकली गेली. कमी नाही, जास्त नाही. उदबत्तीची काडी तिच्या टोकांशी बरोबर जुळली. प्लस गंधाच्या ठिपक्यावर आलं. "आणि जोर?" त्यांनी विचारलं. धम्मपालनं बाजूला छापलेले आकडे जुन्या बॅटरीशी ताडून बघितले आणि या वेळी थट्टा न करता म्हणाला, "डिझेल जीपचीच हाय, वहिनी. हिच्यापेक्षा कमी नको, आणि जास्त कशाला पायजे?"

ट्रेमध्ये ती वाटीत वाटी बसावी तशी बसली. वरची पट्टी आवळली. पुन्हा कणकेचे दोन गोळे, पुन्हा बॉनेट. उघडलं तर गोळे जरासे बसलेले, पण टोकांवर कणीक बोटभर शिल्लक. किल्ली फिरवताच जीप अशी उठली की दुकानापुढचं कुत्रं पळालं.

"हिच्यावर नाव कुणाचं घालू?" धम्मपालनं ब्रश उचलला.

"कुणाचंच न्हाई. ही बॉनेटखाली बसणारी. हिला कोण वाचणार?"

आणि जयपालला त्यांनी बाबगोंडांच्या घरी धाडलं, एवढंच सांगायला: "रविवारी गारगोटीच्या कीर्तनाला या. येताना अव्वांना ट्रकातनं घेऊन या. मोठी बॅटरी धम्मपालकडं भरून ठेवलीया."

बाबगोंडा म्हणाले, "बघतो." आमच्याकडं 'बघतो' म्हणजे बहुधा नाही.

रविवारी गावात पोचलो तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. सूर्य बुडायच्या आत जेवणं उरकली. नवी बस्ती चुन्याच्या वासानं ताजी होती, आणि अजून कुठल्याच वस्तूवर कुणाचं नाव नव्हतं; ती उघडीबोडकीच वाटत होती. माणसं दाटीनं बसली. दीपानं पेटीवर सूर धरला. चंदनाक्का उभ्या राहिल्या. पण नमनाच्या वेळी त्यांचे डोळे दोनदा दाराकडं गेले, आणि पुढं, लाऊडस्पीकरजवळ, त्यांनी एक रिकामा पाट मांडून ठेवला होता, तो सगळ्यांनी बघितला.

पूर्वरंग क्षमेवर झाला. उत्तररंगात आदिनाथ भगवानांची कथा लागली.

"भगवान फिरत्यात," चंदनाक्का सांगत होत्या. "मुनी झालेत, मागायचं तर न्हाई. लोक दारात आलेल्याला काय कमी देतील? एक राजा म्हणतोय, महाराज, हत्ती घ्या! दुसरा म्हणतोय, घोडा घ्या, सोनं घ्या! आता मला सांगा, देणारा खोटा हुता व्हय? सोनं खोटं हुतं व्हय? न्हाई. पर समोरच्याला काय लागतंय, ते कुणाच्या..."

आणि वीज गेली. बस्तीभर अंधार, गाभाऱ्यात एक समई तेवढी. लाऊडस्पीकर मुका. मागच्या रांगा चुळबुळायला लागल्या. जयपाल सवयीनं उठला आणि वायर घेऊन जीपकडं निघाला.

"जीपला हात लावायचा न्हाई," चंदनाक्का म्हणाल्या. "तिला आपल्याला घरी न्यायचंय."

"मग कशावर लावू?"

चंदनाक्का दाराकडं बघत होत्या. झांज हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात, देवाची करणी म्हणा किंवा गारगोटीचा खराब रस्ता म्हणा, गावाच्या वेशीकडून तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला.

चंदनाक्का हसल्या. "आल्या."

बाबगोंडा दारात आले तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला होता. "अक्का, उशीर झाला. मुदाळतिट्ट्याच्या पुढं चाक फसलं."

"अव्वा हायत न्हवं?"

"हायत."

"मग त्यांना पुढं घेऊन या, अण्णा. त्यांचा पाट मांडलाय. जीपमध्ये त्यांना बसवायचं, म्हणजे बॉनेटच्या आत, तेलकटात, जिथं कीर्तनातलं एक अक्षर ऐकू यायचं न्हाई तिथं. मला न्हाई ते बरं वाटलं. हितनं पुढं माझा आवाज त्यांच्यावर चालंल. जीप आपली आपण चालंल."

बाबगोंडांनी रिकाम्या पाटाकडं बघितलं. मग बाहेर गेले, आणि ती अवजड बॅटरी कुणाला हात लावू न देता एकट्यानं, लहान लेकरू उचलावं तशी छातीशी धरून, माणसांच्या मधल्या वाटेनं पुढं घेऊन आले. पाटावर ठेवली. रीतीप्रमाणं नाव लोकांच्या बाजूला. जयपालनं वायरी जोडल्या. लाऊडस्पीकर आधी खरखरला, मग खणखणीत झाला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विजेरीचा उजेड पाडून नाव मोठ्यानं वाचलं. अख्ख्या गावाला रत्नव्वा माहीत झाल्या.

बाबगोंडा मागं जाऊन बसले. दीपानं सूर धरला, चंदनाक्कांनी तोंड उघडलं, आणि बाबगोंडा पुन्हा उठले. पुढं आले. वाकून दोन्ही हातांनी पाट धरला आणि अख्खा पाट बॅटरीसकट फिरवला. नाव आता चंदनाक्कांच्या समोर आलं. लोकांकडं नुसती काळी पाठ.

"काय झालं, अण्णा?"

"अव्वा कधी लोकांकडं तोंड करून बसली न्हाई," बाबगोंडा म्हणाले. "तुमच्याकडंच बघायची."

चंदनाक्कांची झांज एक ठोका चुकली. आमच्या इतक्या वर्षांच्या ऐकण्यात तेवढी एकदाच. मग त्यांनी पाटाकडं बघितलं आणि विचारलं, "अव्वा, मोठ्यानं म्हणू?"

आणि म्हटलं. पुढची कथा अशी रंगली की काय सांगावं! श्रेयांस नावाच्या राजानं दारात उसाचा रस आणला तेव्हा अख्ख्या बस्तीला गुऱ्हाळाचा वास आला. भगवानांनी ओंजळ पुढं केली, रस पडला, इतक्या दिवसांचा उपास सुटला. शेवटी एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग त्या हत्तीचं काय झालं?" तर चंदनाक्का म्हणाल्या, "हत्ती कुणी हाकलला न्हाई, मामा. त्येच्यावर बसूनच तर पारणं बघायला गाव आलं. हत्तीला हत्तीचं काम." ते पुराणात आहे की नाही मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी असायलाच हवं होतं.

आरती झाली. जयपालनं किल्ली फिरवली आणि जीप पहिल्याच हाकेला उठली. आमच्यातले चौघं सवयीनं मागं जाऊन उभे होते. ते हात पुढं करून तसेच राहिले.

"बॉनेट उघड," बाबगोंडा म्हणाले. जयपालनं उघडलं. बॅटरीच्या उजेडात, म्हणजे हातातल्या विजेरीच्या, त्यांनी आत वाकून बघितलं. ट्रे, पट्टी, वायरी. एकदा हातानं हलवून बघितलं. हलली नाही.

"बसलीया," ते म्हणाले. मग चंदनाक्कांपुढं हात जोडले. क्षमावलीचा दिवस होता. "उत्तम क्षमा, अक्का."

"उत्तम क्षमा, अण्णा."

अव्वांची बॅटरी बाबगोंडांनी ट्रकाच्या हौद्यात ठेवू दिली नाही. पाटासकट पुढं, क्लीनरच्या जागेवर, सरळ बसवली, दोरीनं बांधली. आणि पाऊस भुरभुरत असतानाही तिच्या बाजूची काच पूर्ण खाली केली.

"तुमी व्हा पुढं," ते जयपालला म्हणाले. "आमी सावकाश येतो."